शपथ सुटली म्हण

"मनीषा आता मोठी झाली. पुढच्या वेळेपासून तिला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्या." मुलांचे डॉक्टर एवढंच म्हणाले आणि तिची जाडजूड फाइल त्यांनी माझ्या हातात ठेवली. वाईट आजार सांगताना डॉक्टरांचा आवाज जसा खाली येतो ना, तसा तेव्हा त्यांचा आला होता. मी म्हटलं, मोठी म्हणजे काय, हिच्या वेण्या अजून मी घालते. ते हसले आणि म्हणाले, अठरा पूर्ण झाली, नियम आहे. मनीषा बाजूला बसून टेबलावरचा रबरी हत्ती दाबत होती.

आजारपणाचे अनुभव लोक लिहितात, त्यात निदान म्हणजे कॅन्सर असतो, किडनी असते. आमचं निदान हे असं. पोरगी मोठी झाली! तुमच्या घरात असं मूल असेल तर तुम्हाला हा दिवस येणार आहे, म्हणून लिहिते. मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी भांबावले नसते. खरं तर अजूनही थोडी भांबावलेलीच आहे.

मनीषा माझी एकुलती एक. जन्मली तेव्हा उशिरा रडली. पुढे डॉक्टरांनी दोन नावं दिली. एक इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धीची वाढ हळू होते, शिकायला वेळ लागतो. दुसरं एपिलेप्सी, म्हणजे मेंदूत मध्येच विजेचा लोळ उठतो आणि फिट येते. आमच्या गावात त्याला फेफरं म्हणतात. मनीषाचे डोळे एका बाजूला फिरतात, डावा हात ताठ होतो, एक-दोन मिनिटं ती कुठेतरी निघून जाते. मग दिवसभर झोपते. सकाळी सातला एक गोळी, रात्री आठला एक. सतरा वर्षांत एवढं मला पाठ झालं होतं, बाकी सगळं डॉक्टर बघत होते.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीहून एसटी येते आणि आमच्या देवळासमोर वळते. मनीषाचे बाबा बोटीवर खलाशी, पंधरा-पंधरा दिवस पाण्यात. मी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढते आणि रत्नागिरीच्या बाजारात विकते. आमचं आयुष्य हे एवढंच, आणि ते बरं चाललं होतं.

अठराव्या वर्षाबरोबर शाळाही सुटली. तिच्या शाळेतल्या बाईंनी रत्नागिरीतल्या एका कार्यशाळेचं नाव सुचवलं. तिथे अशी मोठी झालेली मुलं-मुली कोकम पाकिटात भरतात, कापडी पिशव्या शिवतात. मनीषाने एकदा ते बघितलं आणि घरी येऊन तीन दिवस रिकाम्या पिशव्यांत तांदूळ भरत बसली. तिला जायचंच होतं. पण तिथल्या बाई म्हणाल्या, "पाकीट बंद करायचं मशीन गरम असतं. फिट आली तर जबाबदारी कोणाची? नियंत्रणात आहे असं डॉक्टरांचं पत्र आणा. दिवाळीनंतर जागा आहे, तोवर ठेवते." आणि मनीषाला तेव्हा महिन्याला तीन-तीन फिट येत होत्या. म्हणजे पत्र नाही, जागा नाही, आणि पोरगी जन्मभर माझ्या ओटीवर बसणार.

मोठ्यांच्या दवाखान्यात पहिल्याच खिडकीवर माझं डोकं फिरलं. केसपेपरवर मी सही करायला गेले तर माणूस म्हणाला, ती सज्ञान आहे, तिची सही किंवा अंगठा घ्या. तुम्हाला करायची तर पालकत्वाचं पत्र लागेल, कलेक्टर कचेरीत अर्ज करा. मी विचारलं, पोटच्या पोरीची मी आई आहे याचं पत्र? तो बिचारा म्हणाला, ताई, नियम मी नाही केले. मनीषाने मात्र पेन घेतलं आणि तिला येणारी एकच गोष्ट, तिचं नाव, तिने अर्धा कागद अडवून लिहिलं. वर माझ्याकडे बघून हसली.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर, आमच्याकडे बाहेरगावाहून महिन्यातून दोनदा येतात. मला वाटलं होतं कोणी पिकल्या केसांचे असतील. आत एक तरुण डॉक्टरीणबाई बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे न बघता मनीषाला विचारलं, तुला काय त्रास होतो? मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी परत तिलाच विचारलं, मी परत सांगितलं. असं चार वेळा झालं. मला वाटलं, या बाईंना दिसत नाही का पोरगी कशी आहे ती?

त्यांनी ईईजी करायला लावला. त्यात डोक्याला वायरी चिकटवतात आणि मेंदूतल्या विजेचा आलेख कागदावर येतो. दुखत नाही, केस मात्र चिकट होतात, घाबरू नका. आलेख बघून त्या म्हणाल्या, आणखी एक गोळी सुरू करावी लागेल असं दिसतं, पण तिने खूप झोप येईल. आधी प्रत्येक फिटची तारीख आणि वेळ लिहून आणा. मला रडूच आलं. झोपाळलेल्या पोरीला गरम मशीनजवळ कोण उभं करणार?

मी तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लाल पेनाने गोल करून ठेवल्या. दोन महिन्यांनी ते कॅलेंडर गुंडाळून सोबत नेलं आणि बाईंच्या टेबलावर पसरलं. मनातून मी जरा ऐटीतच होते. कारण आमच्या गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यात दिसत होती. सगळे गोल पुनवेच्या आणि अवसेच्या आजूबाजूला. मी म्हटलं, बघा, हिला चांदाचा त्रास आहे. पावसाळ्यात येत नाहीत फिट, कारण ढगात चांद दिसत नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी एकेका गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "या दिवसांत तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, मी काय करणार, कालवांना जाते. मग त्यांना ओहोटी समजावून सांगितली. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. त्या चार-पाच दिवसांतच पहाटेचं पाणी इतकं खाली जातं की एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. त्यावरची कालवं आम्ही बायका कोयतीने फोडून काढतो. पहाटे पाचला घर सोडायचं, पाणी चढायला लागलं की निघायचं, तशीच एसटी पकडून बाजार गाठायचा. घरी यायला बारा-एक वाजतात. पावसात दर्या खवळलेला, तेव्हा कालवं नाहीत.

बाई मनीषाकडे वळल्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मनीषा, सकाळची गोळी कधी घेतेस?"

बाई थांबल्या. बाहेर लोक खोळंबले होते, पण त्या थांबल्या. मग मनीषा म्हणाली, "आय येते तवा."

"आई कालवांना गेली की?"

"आय येते तवा. गोळी फळीवर असते."

"मग तू का घेत नाहीस?"

मनीषाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "आयेने शपथ घातलीन."

मला आधी काही आठवेचना. मग आठवलं. सात वर्षांची असताना तिने गोड समजून चार गोळ्या एकदम खाल्ल्या होत्या. दोन दिवस सरकारी दवाखान्यात नळ्या लावून होती. घरी आणलं त्या दिवशी मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, आईच्या हाताशिवाय गोळीला हात लावायचा नाही, माझी शपथ आहे, मोडलीस तर मी मरेन. आपण पोरांना बोलतो तसं बोलून मोकळी झाले. मध्ये एकदा कालवांना जाताना शेजारणीला सांगून बघितलं होतं गोळी द्यायला. मनीषाने तिच्या हातून घेतली नाही, दात आवळून बसली. मी म्हटलं, हट्टी झालीय, समजत नाही. म्हणून मग मी आल्यावरच देत होते. पाचला उठवून द्यावी तर उपाशीपोटी ओकते, आणि झोपमोड झाली की फिट येते असं मुलांचे डॉक्टर सांगायचे. चार-पाच तासांनी काय बिघडतंय, असं मला वाटायचं. ते दर वेळी विचारायचे, गोळ्या वेळेवर देता ना? मी हो म्हणायचे. मला ते खोटं वाटायचंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी याला नाव सांगितलं, ब्रेकथ्रू सीझर. म्हणजे औषध चालू असूनही मध्येच फुटून आलेली फिट. रात्री आठनंतर दुसऱ्या दिवशी एकपर्यंत पोटात गोळी नाही, की रक्तातलं औषध ओसरतं. त्या म्हणाल्या, "दुसरी गोळी मी आज लिहीत नाही. आहे ती वेळेवर पोटात जातेय का ते आधी बघू. ती मोठी आहे, तिची गोळी तिला घेऊ द्या. आणि ती शपथ सुटली म्हणा."

साधी गोष्ट आहे. लहानपणी आपण सगळे खेळलोय. ज्याने घातली त्याने "सुटली" म्हटलं की शपथ सुटते. पण मला तिथे म्हणता येईना. नळ्या लावलेली सात वर्षांची पोर डोळ्यांसमोर होती. मी हो-हो केलं आणि उठले.

त्या दिवशी मनीषा संध्याकाळभर माझा पदर सोडेना. मी पाण्याला गेले तर मागून, मोरीत गेले तर दाराबाहेर उभी. जेवली नाही. सारखी माझ्या हाताला हात लावून बघत होती. मला वाटलं हिला ताप भरतोय, थर्मामीटर लावला तर ताप नाही.

मनीषाच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, डॉक्टर शिकलेली आहे, म्हणून टाक सुटली. मी म्हटलं, तुमचं काय जातंय पाण्यात बसून सांगायला? तेवढ्यात पाऊस लागला. कालवं बंद झाली, मी घरीच होते आणि सातची गोळी माझ्याच हाताने देत होते. फिट आली नाही. मला कळत होतं की मी दिवस ढकलतेय. नारळी पुनव गेली, गणपती गेले, पाणी निवळलं. कोजागिरीचं उधाण जवळ आलं तेव्हा मात्र पळवाट उरली नाही. कालवांना गेले नाही तर घरात काय शिजणार?

पाच दिवस आधी, दुपारी, मी तिला ओटीवर समोर बसवलं. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "गोळीची शपथ सुटली." तिने मला ते तीन वेळा म्हणायला लावलं. मग बोट मोडून तिने विचारलं, "विहिरीची?"

मला कळेना. ती म्हणाली, विहिरीकडे एकटं जायचं नाय, शपथ. मी म्हटलं, ती राहू दे. "चुलीची?" ती पण राहू दे. "आरशाची?" ही कसली शपथ, मला काही केल्या आठवेना. तिने सांगितलं, शेजारच्या लग्नात ती आरशासमोरून हलत नव्हती तेव्हा मी घातली होती. म्हणजे किती वर्षं ही पोरगी आरशात बघत नव्हती, आणि मी म्हणायची, हिला स्वतःच्या रूपाचं काही कळत नाही! मी म्हटलं, सुटली गो, ती सुटली.

मग तिने हळूच विचारलं, "डॉक्टरची?"

दवाखान्यात ती काहीबाही बोलायची, लोक बघायचे, म्हणून मी कधीतरी दटावलं होतं, डॉक्टरसमोर तोंड उघडायचं नाही, माझी शपथ. ती म्हणाली, "मी मोडलेली. तू मेली नाय."

तेव्हा मला त्या संध्याकाळचा पदर कळला. डॉक्टरीणबाईंना उत्तर देताना हिला वाटत होतं की आपण बोललो की आई मरणार. तरी ती बोलली होती. आणि मग संध्याकाळभर माझ्या हाताला हात लावून बघत होती, गरम आहे की गार. सतरा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की हिला काही समजत नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला जवळ घेऊन रडले आणि ती माझी पाठ थोपटत, बाकी राहिलेल्या शपथा विचारत राहिली.

गोळी कशी द्यायची ते डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. सगळ्या गोळ्या ट्रंकेत कुलपात, बाहेर वाटीत फक्त त्या सकाळची एक. घड्याळ तिला समजत नाही. म्हणून मी सांगितलं, सातची एसटी देवळाकडे हॉर्न वाजवते, तो ऐकला की पेज प्यायची आणि गोळी घ्यायची. चार दिवस समोर बसून घटवून घेतलं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी खडकावर होते. सव्वासात वाजले असतील, साडेसात झाले, हॉर्न नाही. एसटी आलीच नाही. खडकावरून आमचा रस्ता दिसतो, तो रिकामा. टोपलीत अर्धीच कालवं, तरी ती तशीच शेजारणीच्या हवाली करून मी पाण्यातून धावत सुटले. पायाला कालवाची धार लागली ते घरी आल्यावर कळलं.

मनीषा ओटीवर बसून केस विंचरत होती, समोर आरसा. वाटी रिकामी. मी धापा टाकत विचारलं, एसटी आली नाही, मग गोळी कधी घेतलीस? ती म्हणाली, "पेज प्यायली नि घेतली. एष्टी काय रोज येते?"

मी उंबऱ्यावर बसून हसायला लागले. एवढी वर्षं एसटीने प्रवास करून मला ते सुचलं नव्हतं.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही, उगाच गोड लिहीत नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी तिला चारला उठवलं, उटणं लावलं, आणि पायाने कारेटाचं फळ फोडतानाच फिट आली. झोपमोड झालेली, दुसरं काय? इतकं होऊन परत मीच चुकले. पत्र मिळणार नाही म्हणून मी दवाखान्यात तोंड पाडून बसले होते. मनीषाने आत जाऊन स्वतःच सांगितलं, आयेने लवकर उठवलीन. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. पण कॅलेंडरवर पाऊस लागल्यापासून तो एकच गोल होता. त्यांनी पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की फिट नियंत्रणात आहेत, रुग्ण स्वतःचं औषध स्वतः घेते, तूर्त तिला गरम मशीनवर बसवू नये, पुढे बघू.

कलेक्टर कचेरीतला पालकत्वाचा अर्ज अजून माझ्या ट्रंकेत पडून आहे. त्यात लिहायचंय की तिला काय काय जमत नाही. आधी मी दोन पानं भरली असती. आता पेन हातात घेते आणि कळत नाही काय लिहू. कागद लागणार आहे हेही खरं, माझ्यामागे तिचं कोण बघणार, हेही खरं. ज्यांना हे जमलंय त्यांनी मला सांगा. मुलांच्या डॉक्टरांचे, डॉक्टरीणबाईंचे, खिडकीवरच्या त्या माणसाचेही आभार मानते. पण सगळ्यात आधी तुम्हाला एवढंच सांगेन, तुमच्या मुलाला काय काय शपथा घातल्यात ते एकदा आठवून बघा, आणि आठवत नसेल तर त्यालाच विचारा.

कार्यशाळेत मनीषा आता तराजूवर बसते. पहिले पंधरा दिवस मी सोबत जात होते आणि बाहेरच्या बाकावर दिवसभर बसत होते. बाई म्हणाल्या, आता तिला एकटी पाठवा, पुढच्या थांब्यावर आपलीच एक मुलगी चढते, कंडक्टरही ओळखतो. मी हो म्हटलं. मनातून ठरवलं होतं की तिला चढवायचं आणि मागच्या एसटीने गुपचूप जाऊन बाकावर बसायचं.

सोमवारी देवळासमोर एसटी वळली. मनीषाने डबा काखेत धरला, माझा हात घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "मागनं यायचं नाय. माझी शपथ."

मी म्हटलं, असं काय करतेस गो, सुटली म्हण. ती पायरीवर चढली. कंडक्टरने दार ओढलं. खिडकीपाशी धावत जाऊन मी परत म्हटलं, मने, सुटली म्हण. तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं, हसली, आणि एसटी निघाली.

त्याला आता तीन महिने झाले. अजून म्हणालेली नाही.